गारच खायचा डबा : एका शेगडीवर जपानी बेंतो कसा करावा

आपल्याकडे डब्याचं कौतुक त्याच्या गरमपणावर ठरतं. झाकण उघडल्यावर वाफ आली तर डबा चांगला, नाहीतर 'काय ते गारढोण'. जपानी बेंतोचा हिशेब बरोबर उलटा आहे. सकाळी रांधलेलं पूर्ण गार करायचं, मग झाकण लावायचं आणि दुपारी गारच खायचं. तांदूळ कुठला घ्यायचा, मीठ-साखर किती, तेल कुठलं, रस किती आटवायचा, अगदी डबा किती खोल असावा, या सगळ्याची उत्तरं त्या एका अटीत आहेत. ही अट डोक्यात पक्की बसली की पाककृती फारशा पाठ कराव्या लागत नाहीत.

मी जपानमध्ये शिकते. खोलीत एकच शेगडी, कमरेएवढा फ्रिज, छोटा राइस कुकर आणि ओट्याच्या नावाखाली सिंकशेजारी पोळपाट मावेल इतकी जागा. २०२५ च्या वसंतात इथल्या सुपरमार्केटांत पाच किलो तांदळाचा सरासरी भाव चार हजार येनच्या वर गेला, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. तरीही घरचा डबा बाहेरच्या जेवणापेक्षा स्वस्तच पडतो. खाली लिहिलंय ते या खोलीत करून पाहिलेलं. पुण्या-नाशकात बसून करायचं असेल तर बदली जिन्नस काय घ्यायचे, तेही त्या-त्या ठिकाणी सांगते.

अस्वलाच्या तोंडाचा भात आणि ऑक्टोपससारखे कापलेले सॉसेज यांना या लेखात जागा नाही. त्याला क्याराबेन म्हणतात. ते लहान मुलांच्या आयांचं क्षेत्र आहे आणि सकाळी आठच्या तासाला पळणाऱ्यांनी तिकडे बघूही नये.

डबा कुठला घ्यावा

बेंतोचे डबे मिलिलिटरमध्ये विकतात, आणि तो आकडा फार कामाचा असतो. डब्याच्या निम्म्या भागात भात, उरलेल्या निम्म्यात एक वाटा अंडं-मासा-चिकन-तोफू यांपैकी काहीतरी आणि दोन वाटे भाज्या, म्हणजे ३:१:२ या प्रमाणात डबा दाबून भरला, की जितके मिलिलिटर साधारण तितक्याच किलोकॅलरी होतात. ६०० मिलिलिटरचा डबा म्हणजे सहाशेच्या आसपास. तळणीचे पदार्थ जास्त घातले की हा हिशेब कोलमडतो, पण सुरुवातीला अंदाजासाठी तो पुरतो. बेताची भूक असेल तर ६००, दिवसभर सायकल मारणाऱ्याला ८०० ते ९००.

पहिला डबा एकमजली, पसरट आणि चार-पाच सेंटिमीटर खोलीचा घ्या. दुमजली डबे दिसायला छान असतात, पण त्यांचे कप्पे छोटे, त्यामुळे भरायला हात सरावलेला लागतो. इथे शंभर येनच्या दुकानात चालेलसा प्लास्टिकचा डबा मिळतो. भारतात काचेचा किंवा स्टीलचा पसरट, घट्ट झाकणाचा डबा घ्या. आपला गोल उभा डबा मात्र इथे उपयोगाचा नाही, त्यात पदार्थ एकमेकांच्या डोक्यावर बसतात.

आकिता प्रांतातल्या ओदाते गावचे मागेवाप्पा डबे बघून मोह होतो. देवदारासारख्या सुगी लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफवून, वाकवून ते करतात. लाकूड भाताची जादा वाफ शोषून घेतं, म्हणून भात गार झाल्यावरही चिकचिकत नाही. हे खरंच होतं, मैत्रिणीच्या डब्यातला भात खाऊन पाहिलाय. पण किंमत विद्यार्थ्याची नव्हे, शिवाय ते मायक्रोवेव्हमध्ये चालत नाहीत आणि धुऊन नीट वाळवावे लागतात. नोकरी लागल्यावर बघू.

भात : इथे घाई करायची नाही

बेंतोत निम्मा डबा भाताचा असतो, त्यामुळे भात फसला की बाकी काही सावरत नाही.

बासमती किंवा कोलम गार झाला की टणक, सुटा, घशाला टोचणारा होतो. जपानी आखूड दाण्यात अमायलोज नावाचं पिष्ट कमी असतं, म्हणून तो गार झाल्यावरही मऊ राहतो आणि चिकटून राहिल्यामुळे चॉपस्टिकनं उचलता येतो. कोशिहिकारी आणि आकिताकोमाची या त्यातल्या नावाजलेल्या जाती. महाराष्ट्रात मावळचा इंद्रायणी घ्या. कोशिहिकारीची चकाकी त्याला येत नाही, सुवास मात्र जास्त असतो आणि गार झाल्यावर चिकटपणा पुरेसा टिकतो.

इथे तांदूळ 'गो' या मापानं मोजतात. एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, वजनात सुमारे १५० ग्रॅम. राइस कुकरबरोबर येणारा कप एक गोचाच असतो. एक गो तांदळाचा सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम भात होतो, त्यात मध्यम आकाराचे दोन डबे निघतात.

१. तांदळात पाणी घाला, हातानं दोनदा फिरवा आणि लगेच ओतून द्या. कोरडा तांदूळ पहिलं पाणी पटकन पितो, त्यामुळे ते रेंगाळलं तर कोंड्याचा वास दाण्यात उतरतो. त्यानंतर तीन-चार पाण्यांत हलक्या हातानं धुवा. पाणी आरस्पानी होईपर्यंत चोळत बसू नका, दाणे तुटतात.

२. उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत तासभर भिजवा. राइस कुकरला टायमर असेल तर रात्रीच तांदूळ-पाणी घालून ठेवता येतं. फक्त ऐन उकाड्यात रात्रभर खोलीत भिजत ठेवू नका, पाण्याला वास लागतो.

३. एक गो तांदळाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी. इंद्रायणीला, तो जुना असेल तर, दोन-तीन चमचे जास्त. बेंतोसाठी भात आसट नको, दाणा दिसला पाहिजे.

४. पातेल्यात करत असाल तर जड बुडाचं घ्या. मध्यम आचेवर उकळी आली की आच अगदी बारीक करा आणि झाकण न काढता दहा-बारा मिनिटं शिजवा. गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं वाफ दाबून ठेवा. ही शेवटची दहा मिनिटं वाचवायचा मोह होतो, पण वरचा आणि खालचा भात सारखा होतो तो याच वेळात. प्रेशर कुकरमध्येही होतो, पण तळाचा भात गिच्च होतो म्हणून मी टाळते.

५. झाकण काढल्याबरोबर ओल्या पसरट चमच्यानं भात कापल्यासारखा खालवर करा. घोटायचा नाही. जादा वाफ निघून जाते आणि प्रत्येक दाण्यावर पातळ चकाकी येते.

उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. फ्रिजच्या थंडाव्यात शिजलेलं पिष्ट सर्वात भराभर परत कडक होतं. कोमट असतानाच डब्याच्या मापाच्या चपट्या वड्या करून, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये टाका. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये कडकडीत गरम केला की ताज्यासारखा होतो. आठवड्यातले निम्मे दिवस माझा डबा याच भातावर चालतो.

आदल्या दिवशीची कामं

इथल्या घरांत रविवारी दोन-तीन टिकाऊ पदार्थ करून ठेवायची पद्धत आहे. एकाच शेगडीवर सकाळी चार पदार्थ करणं शक्य नाही, त्यामुळे माझा सगळा डोलारा यावरच उभा आहे. भाज्या मी संध्याकाळी उशिरा आणते. त्या वेळी सुपरमार्केटचा माणूस निम्म्या किमतीचे लाल-पिवळे स्टिकर लावत फिरतो आणि त्याच्या मागे विद्यार्थ्यांची एक सभ्य रांग हळूहळू सरकत असते.

आधी दाशी, म्हणजे पदार्थांना चव देणारं पाणी. ते बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कापांचं असतं. शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं, कारण 'भाजीचा' म्हणून घेतलेल्या पदार्थातही हे पाणी असतंच, तयार दाशीच्या पुड्यांत आणि भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेतही. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मात्र माशाशिवायची दाशी असते. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बु, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, आणि दोन-तीन सुके शिताके मशरूम टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गाळा, झाली. कोम्बुवरचा पांढरा थर धुऊन टाकू नका, चव त्यातच असते. फक्त ओल्या फडक्यानं पुसा. दोन्ही गोष्टी आता भारतात ऑनलाइन मिळतात आणि वाळवणाच्या असल्यामुळे वर्षभर टिकतात.

किनपिरा ही माझी कायमची भाजी. गोबो नावाचं लांब, काळपट, मातीच्या वासाचं मूळ असतं. त्याची साल सुरीच्या पाठीनं खरवडा, सोलू नका, कारण चव सालीखालीच असते. एक मध्यम मूळ, साधारण १५० ग्रॅम, काडेपेटीच्या काड्यांसारखं कापून पाच मिनिटं पाण्यात टाका, निथळा. त्यात अर्धं गाजर तसंच कापून. चमचाभर तिळाच्या तेलात मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता. मग दीड मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा मिरिन आणि एक छोटा चमचा साखर घाला आणि रस पूर्ण आटेपर्यंत परतत राहा. शेवटी भाजलेले तीळ आणि लाल मिरचीची फक्कड चिमूट. बुडाशी एक थेंबही रस उरता कामा नये. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज टिकते. गोबो मिळत नसेल तर कमळकाकडी वापरा. जपानमध्येही कमळकाकडीचा किनपिरा करतातच, तेव्हा ही तडजोड म्हणता येणार नाही.

मिरिन म्हणजे तांदळापासून केलेलं गोडसर मद्य, अस्सल मिरिनमध्ये अल्कोहोल सुमारे १४ टक्के असतं. शिजताना त्यातलं बरंचसं उडून जातं. नको असेल तर त्याऐवजी पाणी आणि जास्तीची अर्धा चमचा साखर घाला. चकाकी थोडी कमी येईल, एवढंच.

दुसरी भाजी गोमा-आए, तिळाच्या कुटातली. पालकाची प्रसिद्ध आहे, पण नवख्यानं फरसबीपासून सुरुवात करावी, ती पाणी सोडत नाही. फरसबी मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन मिनिटं शिजवा, गार करा, पुसा, बोटाएवढे तुकडे करा. दोन मोठे चमचे भाजून भरडलेले तीळ, एक छोटा चमचा साखर, एक छोटा चमचा सोया सॉस. कालवा. पालक घेतलात तर अर्धा-पाऊण मिनिट उकळून लगेच गार पाण्यात टाका, घट्ट पिळा, मग त्यावर थोडा सोया सॉस शिंपडून पुन्हा एकदा पिळा. या दुसऱ्या पिळण्यात आतलं उरलेलं पाणी निघून जातं. तिळाऐवजी दाण्याचं कूट घातलं तरी जपानी माणूस दचकणार नाही. तोक्योशेजारच्या चिबा प्रांतात भुईमूग भरपूर पिकतो आणि दाण्याच्या कुटात भाज्या कालवायची रीत इथेही आहे.

सकाळची पहिली पंधरा मिनिटं : तामागोयाकी

हे गुंडाळलेलं अंड्याचं ऑम्लेट नसेल तर डबा अपुरा वाटतो, निदान माझ्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं तरी असं मत आहे. तोक्योच्या बाजूला ते गोड आणि किंचित खरपूस करतात, ओसाका-क्योतोकडे दाशी जास्त घालून फिकट, रसरशीत. घरी गरम खायचं तर मला दुसरं आवडतं. डब्यासाठी मात्र पहिलंच. रसरशीत अंडं दुपारपर्यंत पाणी सोडतं, आणि साखरेमुळे गार अंडं कोरडं पडत नाही.

दोन अंडी, एक मोठा चमचा दाशी, दीड छोटा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा सोया सॉस, चिमूटभर मीठ. दाशीत आधी पाव चमचा बटाट्याचं पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर विरघळवून घ्या, म्हणजे पाणी सुटत नाही. मिश्रण फेसाळू नका, चॉपस्टिक तळाला टेकवून डावी-उजवीकडे हलवत पांढरं मोडा.

चौकोनी तवा असेल तर उत्तम, नसेल तर लहान गोल नॉनस्टिक तवाही चालतो. टोकं निमुळती होतात, ती कापून तिथेच खायची.

तवा मध्यम आचेवर तापवा. तेलात बुडवलेल्या कागदाच्या घडीनं तवा पुसा. मिश्रणाचा थेंब टाकून चुर्र आवाज आला की एक तृतीयांश मिश्रण ओता, फुगे फोडा. वरचा भाग अजून ओलसर असतानाच पलीकडून आपल्याकडे गुंडाळत आणा. गुंडाळी पलीकडे सरकवा, मोकळ्या तव्याला पुन्हा तेलाचा कागद फिरवा, दुसरा तृतीयांश ओता आणि गुंडाळी किंचित उचलून तिच्याखालीही मिश्रण जाऊ द्या. पुन्हा गुंडाळा. तिसऱ्यांदा तसंच. पहिली गुंडाळी वेडीवाकडी झाली तरी बिघडत नाही, ती आतच राहते. नेटकी हवी ती फक्त शेवटची.

शेवटी आच मंद करून चारही बाजू मिनिटभर दाबून शेका. अर्धकच्चं अंडं डब्यात चालत नाही. गरम असतानाच कागदात गुंडाळून आकार द्या आणि गार झाल्यावरच कापा.

मुख्य पदार्थ

मांसाहारी असाल तर तेरियाकी चिकन सर्वात सोपं. मांडीचं हाड नसलेलं मांस छोट्या तुकड्यांत कापा, कोरडं पुसा, पिठात हलकं घोळा, थोड्या तेलात दोन्हीकडून शिजवा. सोया सॉस, मिरिन आणि पाणी प्रत्येकी एक मोठा चमचा, अर्धा चमचा साखर घालून रस चिकनला चिकटेपर्यंत आटवा. जपानमध्ये मांसाबाबत सांगितला जाणारा नियम म्हणजे तुकड्याच्या मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस, किमान एक मिनिट. थर्मामीटर नसेल तर सर्वात जाड तुकडा कापून बघा. चरबीचे पांढरे पुंजके कापून टाका, गार झाल्यावर ते मेणासारखे लागतात.

खारवलेला साल्मन हा त्याहून आळशी पर्याय. तुकडा भाजायचा, गार करायचा, ठेवायचा.

शाकाहारी लोकांसाठी मी कोयादोफूची शिफारस करते. हा गोठवून वाळवलेला तोफू, नाव कोया पर्वतावरच्या मठांवरून पडलेलं. कोमट पाण्यात भिजवला की फुगतो. दोन्ही तळव्यांत दाबून पिळा, तुकडे करा, त्यावर सोया सॉस, किसलेलं आलं, लसूण आणि थोडी दाशी घालून मुरू द्या. मग पुन्हा हलकं पिळा, बटाट्याच्या पिठात घोळवून थोड्या तेलात खरपूस परता. तळलेल्या चिकनच्या जवळ जाणारी चव येते आणि गार झाल्यावरही चिवट होत नाही. भारतात कोयादोफू सहजी मिळत नाही, तेव्हा घट्ट तोफू रात्रभर गोठवून, वितळवून, पिळून घ्या, पोत बराचसा तसाच येतो. सोया चंक्सही चालतात. पनीर मात्र गार झाल्यावर रबरासारखं होतं.

हे सगळं नेहमीपेक्षा थोडं जास्त गोड-खारट करायचं. गार पदार्थाची चव जिभेला फिकी लागते. कढईत चाखून 'किंचित जास्त झालं' वाटलं तर डब्यात ते बरोबर लागतं.

गार करणं

लोक इथेच घाई करतात, आणि सगळ्यात धोक्याची पायरीही हीच आहे. गरम डब्याला झाकण लावलं की वाफेचं पाणी झाकणाला लागून परत भातावर ठिबकतं. ओल, ऊब आणि अन्न एकत्र आलं की जिवाणूंची चैन. काहींचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, ते भात कोमट होण्याचीच वाट पाहत असतात.

भात आधी डब्यात भरा, उघडाच ठेवा. बाकीचे पदार्थ ताटात एकेक पसरवा. घाई असेल तर धातूच्या ताटाखाली बर्फाची पिशवी ठेवा किंवा वर पंखा लावा. पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्या वेळात आंघोळ उरकते. डब्याच्या तळाला हात लावून बघा, ऊब लागली तर झाकण नाही. रविवारचे फ्रिजमधले पदार्थही सकाळी एकदा चटचटीत गरम करून, पुन्हा गार करूनच भरायचे.

जून-जुलैतल्या त्सुयु या पावसाळ्यात आणि नंतरच्या उकाड्यात आणखी काळजी घ्यावी लागते. डबा पुसताना फडक्याला थोडं व्हिनेगर लावा. पदार्थ हातानं न हाताळता चॉपस्टिकनं भरा. डब्याच्या झाकणावर गोठवलेली पिशवी ठेवून कापडात बांधा, थंडावा वरून खाली उतरतो. भातावर उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट उमे फळ, ठेवलं की भात टिकतो असं मानतात. ते खरं आहे, पण फळ टेकलेल्या जागेपुरतंच. त्यामुळे दिवसभराचा भरवसा ठेवायचा तर गर काढून भातात कालवा. पांढऱ्या भाताच्या मधोमध एकच लाल उमेबोशी ठेवली की झाला हिनोमारू बेंतो, झेंड्यासारखा. जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यांची झाकणं त्या एका फळाच्या आंबटपणानं मधोमध झिजून जात. आपल्या लोणच्यानं डब्यांचं काय केलं ते आठवा.

भरणं

भरताना डोक्यात एकच प्रश्न ठेवायचा : डबा सायकलच्या टोपलीत उडाला तर काय हलेल?

भात निम्म्या भागात, मधल्या कडेला उतार ठेवून. त्या उताराला मुख्य पदार्थ टेकवायचा, मग तामागोयाकीचे तुकडे कापलेली बाजू वर करून. भाज्या छोट्या सिलिकॉनच्या किंवा कागदी वाट्यांत. शेवटी उरलेल्या फटींत उकडलेल्या ब्रोकोलीचे तुरे, छोटे टोमॅटो, चीजचा तुकडा असं काहीतरी ठासायचं. टोमॅटोचं देठ काढायचं, कारण त्याखाली घाण राहते. तो पुसायचा आणि अख्खाच ठेवायचा, कापला की पाणी. डबा हळूच तिरका करून पाहा. काही घसरलं तर अजून फट आहे.

रसाची शंका असलेल्या भाजीखाली चमचाभर तिळाचं कूट किंवा कात्सुओबुशी पसरा, ते पाणी पिऊन घेतं आणि चवही वाढते. सुशीबरोबर येतं ते हिरवं प्लास्टिकचं गवत, बारान, चवी एकमेकांत जाऊ नयेत म्हणून असतं. कधीकाळी तिथे खरं पान असायचं. ओल्या लेट्यूसची पानं मात्र उन्हाळ्यात घालू नका.

रंगांचा नियम आहे : लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, काळा. अंडं पिवळं, भात पांढरा, तीळ किंवा नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला पातळ कागद, काळी, मग लाल आणि हिरवं शोधायचं. दिसण्यासाठी तर तो आहेच, पण पाच रंग भरले की भाज्या आपोआप दोन-तीन प्रकारच्या येतात.

आपले पदार्थ या डब्यात

घरची आठवण आली की मी आपलेच पदार्थ या नियमांत बसवून बघते. सुकी मटकीची उसळ झकास टिकते. बटाट्याची पिवळी सुकी भाजीही. भरली वांगी तर जणू बेंतोसाठीच जन्मली आहेत, कारण दाण्याचं कूट सगळा रस धरून ठेवतं. झुणका चालतो, पिठल्याची वडी पडते. कोशिंबीर बाद, मीठ लागलं की काकडी डबाभर पाणी करते. साबुदाण्याची खिचडी गार झाली की छर्रे. थालीपीठ चामडं होतं. तुपाची फोडणी हिवाळ्यात पांढरी गोठते, खोबरेलही. या डब्यात शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल बरं.

शेंगदाण्याची चटणी ही मात्र फुरिकाकेपेक्षा सरस आहे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. लसणाची चटणी त्याहून सरस, पण बंद खोलीत सहा जण शेजारी जेवत असतात तेव्हा विचार करून डबा उघडावा.

सकाळचा क्रम

भात टायमरवर साडेसहाला तयार. तो डब्यात भरून उघडा ठेवायचा. शेगडीवर आधी तामागोयाकी, कारण तवा स्वच्छ असतो. त्याच तव्यात मग चिकन किंवा तोफू. तोवर मायक्रोवेव्हमध्ये किनपिरा आणि ब्रोकोली. सात वाजता सगळं ताटात पसरलेलं, सव्वासातपर्यंत आंघोळ, पाच मिनिटांत भरणं. उशीर झाला तर तामागोयाकी सोडा आणि भातात मीठ लावून, खारा साल्मन किंवा उमेबोशी भरून दोन ओनिगिरी वळा. जपानच्या रेल्वे स्टेशनांवर विकला गेलेला पहिला बेंतो, सर्वात प्रचलित दाव्यानुसार, १८८५ साली उत्सुनोमियाला असाच होता, दोन ओनिगिरी आणि मुळ्याचं लोणचं, बांबूच्या सालीत गुंडाळून. तेव्हा कुणी हसलं तर इतिहास सांगायचा.

दुपारी खाऊन झालं की डबा निदान पाण्यानं विसळून आणा. घरी आल्यावर झाकणाची रबरी कडी काढून, तिच्याखालचा खाचा टूथब्रशनं घासा आणि कडी वेगळी वाळवा. डब्याला येणारा वास बहुतेक वेळा तिथलाच असतो.